राखणदाराचा पत्ता

नेटवर्कचा सबनेट मास्क एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत लिहायला लोक वेबसाइट उघडतात, याची मला भयंकर चीड येते. स्लॅश अठ्ठावीस म्हणजे शेवटी दोनशे चाळीस, चौदा यंत्रांच्या पत्त्यांची जागा. स्लॅश एकोणतीस म्हणजे दोनशे अठ्ठेचाळीस, सहा यंत्रांची. मास्क म्हणजे कुंपण. कोण आत आणि कोण बाहेर, एवढंच ते सांगतं.

जासईच्या कंटेनर यार्डात मी नेटवर्क सांभाळतो; त्यावर माझा लॅपटॉप धरून पाचच यंत्रं होती. तरी नेटवर्कवर हाक मारली की दहावा पत्ताही ओ देत होता. तिथे काहीच जोडलेलं नव्हतं. मी वैतागून कुंपण आवळलं, दोनशे चाळीसचं दोनशे अठ्ठेचाळीस केलं. दहावा पत्ता बाहेर पडला आणि गप्प झाला. मग सहावा, रिकामा पत्ता ओ देऊ लागला. बाकीच्या चारही यंत्रांच्या वायरी मी काढल्या. भर दुपारी, एकट्या माझ्या लॅपटॉपला तो ओ देतच राहिला.

यार्ड उभं आहे ते आमच्या जुन्या मिठागरावर. तिथे बांध घालताना आजोबा एक कोपरा जागेच्या राखणदारासाठी सोडायचे. उलव्याच्या फ्लॅटवर आल्यावर आईला सगळं सांगितलं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "कुंपनाभायेर काडलंस त्याला? मंग तो आत येनारच."

आता मास्क कुठल्याही पद्धतीत लिहिलेला असो, शेवटचा पत्ता मी कुणालाच देत नाही. तो रिकामा आहे का, हे तपासतही नाही.