तिसऱ्या खेपेचं इंग्रजी

बी.ए.च्या इंग्रजीत मी दोनदा नापास झाले होते. तिसऱ्यांदा उडाले तर बर्डीवरच्या शाळेतली माझी हंगामी नोकरी जाणार, हे मोठ्या बाईंनी गोड आवाजात बजावलं होतं. सत्तरच्या दशकातली, नंदनवनातल्या आमच्या दोन खोल्यांतली ही गोष्ट. शिकवायला आमचे हेच. कचेरीत इंग्रजी मसुदे लिहायचे, त्यामुळे इंग्रज जाताना भाषेची किल्ली यांच्याकडे ठेवून गेला अशा थाटात शिकवायचे. वर्ग सकाळी भरायचा, मी पोळ्या लाटत असताना.

त्या आठवड्यात पॅरलल स्ट्रक्चर चाललं होतं.

"शी लाइक्स रीडिंग, सिंगिंग अँड टू कुक. काय चुकलं?"

"मला तर बरं वाटतं," मी म्हटलं. त्या दिवसांत मला कोणतंही वाक्य बरंच वाटायचं, संपलं म्हणजे झालं.

"अगं, पंगतीत दोघांना पाट दिले अन् तिसऱ्याला खुर्ची, असं दिसतं ते. सगळे सारखे बसले पाहिजेत. रीडिंग, सिंगिंग, कुकिंग."

"तिसऱ्याचे गुडघे दुखत असतील."

ते हसले नाहीत. वर मला माझ्याच दिवसावर एका पंगतीत बसतील अशी वाक्यं करायला लावली. मी लाटता लाटता सुरू झाले. आय फिल वॉटर, आय मेक पोळी, आय टीच गर्ल्स, आय वॉश क्लोद्स, आय क्लीन राइस.

"वा! एकही घसरलं नाही!" हे खूष.

सासूबाई भिंतीला टेकून चहा पीत होत्या. "काय म्हणून राहिली ती? मले मराठीत सांग नं गा."

यांनी उत्साहानं सांगायला घेतलं. "ती पाणी भरते. ती पोळ्या करते. ती शाळेत शिकवते. ती धुणं धुते. ती..." शेवटाकडे आवाज बसत गेला.

"हे त मले रोजच दिसते," सासूबाई म्हणाल्या. "याच्यात तू काय शिकवलं?"

दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत हे नळावर गेले. अर्धं पाणी उंबऱ्यावर सांडलं, ते मी पुसलं. म्हणजे माझं एक काम गेलं आणि एक वाढलं. पण त्यांनी नेम सोडला नाही. वर्गही मग नळावरूनच ओरडून भरायला लागला, आणि शेजारणी माझ्या आधी उत्तरं द्यायला लागल्या.

परीक्षेचं केंद्र धंतोलीत होतं. बाहेर एप्रिलचं ऊन, डोक्यावर कुरकुरणारा पंखा. किती तरी वर्षांनी मी तीन तास एका जागी बसले होते आणि कोणी मला हाक मारली नाही. पेपर बरा गेला की वाईट, ते कळलं नाही. घंटा झाली तेव्हा उठवत नव्हतं, एवढं खरं.

निकालाच्या दिवशी दुपारी हे निकाल बघायला गेले, तेव्हा मी जरा आडवी झाले आणि गाढ झोपले. जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती, आणि दारात शेजारणी पेढे खात उभ्या होत्या.

"अहो, मला उठवायचं तरी!"

"उठवतच होतो," हे म्हणाले. "आईनं हात धरला."

"झोपू दे म्हटलं तिले," सासूबाई म्हणाल्या. "पास त झालीच हाये."