पेट्रोलमधला तांदूळ

आमच्या घरात गाडीवरून वाद व्हायचे ते जेवताना. माझी गाडी जुनी, पेट्रोलवर चालणारी. ती विकून विजेवरची घ्यावी, असं बायकोचं म्हणणं. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे ताटावर बसूनही फळ्यासमोर उभा असल्यासारखा बोलतो. मी तिला समजावायचो की पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळतात, ते तुटक्या तांदळापासूनही होतं आणि आपला गोंदिया म्हणजे धानाचा जिल्हा. बाहेरून तेल आणण्यापेक्षा पैसा इथल्या शेतकऱ्याच्या हाती आला तर काय वाईट? पंप तेच राहतील, मिस्त्रीही तेच राहतील.

बायको वरणाची वाटी पुढे सरकवत विचारायची, मग तुमच्या गाडीचं अॅव्हरेज का पडलं? मिस्त्रीनं रबरी नळ्या बदलायला सांगितल्या, ते का सांगत नाही? मग मीही चिडायचो. देवरीच्या जंगलात चार्जिंग संपलं तर गाडी सागाला बांधून यायची का, असं विचारायचो. आपण देवरीला वर्षातून किती वेळा जातो, असं ती शांतपणे विचारायची. जातो दोनदा, तेही लग्नाला.

माय हे सगळं ऐकत जेवायची. तिचा एक डोळा कधीच गेलेला. दुसऱ्यात मोतीबिंदू पिकलेला. गोंदियाच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती आणि ती चुकवायची नाही, डोळा हातचा जाईल, असं बजावलं होतं. तारखेच्या आदल्या दिवशी वाद पुन्हा रंगला, तेव्हा मला माय आपल्या बाजूला हवी होती. मी मोठ्या अभिमानानं तिला सांगितलं, की उद्या तू ज्या गाडीत बसणार, तिच्या पेट्रोलात आपल्याकडची कणी, तोच तुटका तांदूळ, आहे. कणी आंबवून तिची एक प्रकारची दारूच काढतात आणि पेट्रोलात घालतात. मायनं हातातला घास ताटात ठेवला. खरंच कणी का, एवढंच विचारलं आणि उठून हात धुतले. मी जिंकल्यासारखं बायकोकडे पाहिलं.

सकाळी गाडी दारात लावली, तर माय पिशवी घेऊन रस्त्याला लागलेली.

"मी त्या गाडीत बसत नाई," ती म्हणाली.

मी समजावलं, मग आवाज चढवला. पेट्रोलपुढे इथेनॉल थोडंसंच असतं, हेही सांगून झालं. शेवटी, मग बस आंधळी होऊन, असं तोंडातून गेलं. ते आठवलं की आजही मला स्वतःची लाज वाटते. माय रडली नाही की रागावली नाही. ऑपरेशनले मी नाही म्हटलं का, गाडीले म्हटलं, एवढंच बोलून ती भिंतीचा आधार घेत चालू लागली. बायकोनं गाडीची किल्ली माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाली, आपल्या आमगावहून रेल्वे आहे ना, ती विजेवर चालते. तुम्हाला तरी काय हरकत आहे?

स्टेशन जवळच होतं. फलाटावर मायला बाकावर बसवलं, तरी माझा राग निवला नव्हता. मास्तरकी सुटत नाही. मी म्हटलं, ही गाडी विजेवर आणि वीज कोळसा जाळून होते, धूर तिथंही निघतोच, त्याचं काय?

"कोळसा कोनी खात नाई," माय म्हणाली.

गाडी आली. खिडकीपाशी बसल्यावर ती बोलायला लागली. तरुणपणी ती राईस मिलमध्ये कामाला जायची, हे मला ठाऊक होतं. तिचा पहिला डोळा तिथल्या उडत्या कोंड्यानंच गेला. पण संध्याकाळी मशीन बंद झाल्यावर बाया जमीन झाडायच्या आणि झाडलेलं त्यांना घरी नेऊ द्यायचे, हे तिनं कधी सांगितलं नव्हतं. ती ते सुपात घोळून माती आणि खडे काढायची, त्यातून कणी निघायची. बाबा गेल्यानंतर दोन पावसाळे घरात दुसरं काही नव्हतं.

मला लहानपणची कणीची पेज चांगली आठवते. मीठ घातलेली, गरम, वर कधी मिरची. मला आवडते म्हणून माय ती रोज करते, असं मी मोठा होईपर्यंत समजत होतो.

"तुले सांगाचं नोयतं," ती म्हणाली. "पन तेच जाळून तू मले नेऊन राहिला होता. मले बसवलं नसतं."

मी तिचा हात हातात घेतला आणि गोंदिया येईपर्यंत सोडला नाही.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं आणि दाढी कर म्हणाली.

माझं मत पुरतं बदललेलं नाही. चार्जिंगची सोय नाही तिथं इथेनॉल उपयोगाचं आहे, धानवाल्याला त्यात दोन पैसे मिळत असतील तर मला आनंदच आहे. वर्गात मुलांना मी दोन्ही बाजू सांगतो. फक्त इथेनॉल वाया जाणाऱ्या तुटक्या तांदळापासूनही करतात, हे वाक्य आलं की मी अडखळतो. तो तांदूळ मी खाल्लेला आहे.