पाळण्याची जागा

शाळेचे गणवेश शिवण्यात टेलरमास्तरांचा हात धरणारा गल्लीत कोणी नव्हता. शाळा उघडायच्या सुमारास त्यांना मान वर करायला फुरसत नसे. प्रत्येक पॅन्टला आतून दुमडलेलं जादा कापड ठेवायचे. "पोरं काय हो, बघता बघता वाढतात," म्हणायचे. पण पुढे पोरंच कमी झाली. शाळेची एक तुकडी बंद पडली, मग दुसरी. दुकानाचं भाडं अंगावर यायला लागलं, तसं मास्तरांनी दुकान सोडलं आणि मशीन घरी आणलं. दोन खोल्यांचं भाड्याचं घर ते. मशीन गेलं मुलगा-सुनेच्या खोलीत, खिडकीखाली. तिथे बसून मास्तर बारीकसारीक शिवण करायचे, तेवढाच घरभाड्याला हातभार.

घरी बसल्यावर मास्तरांनी एकच धोशा लावला, नातवंड! जेवताना तेच, सून कामावर निघताना चपला घालत असली तरी तेच. "आमच्या वेळी कोणी एवढा विचार करत बसलं नाही बाई!" सून एका मोठ्या दुकानात बिलाच्या काउंटरवर होती. मुकाट ऐकून घ्यायची. मुलगा मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसायचा, शहाणा कुठला!

एका सुट्टीच्या दिवशी मात्र तिने मशीनवरची टेप उचलून त्यांच्यापुढे धरली.

"बाबा, पाळणा कुठे ठेवायचा तेवढं मोजून दाखवा."

"हात्तिच्या! एवढंच ना?"

मास्तर हौसेने उठले. एक टोक तिने धरलं. पलंगाशेजारी मोजलं, तर दार उघडेना. दाराकडून सरकले, तर कपाट उघडेना. सरकत सरकत दोघं खिडकीखाली आली. तिथे पाळणा अगदी मापात बसत होता. पण तिथे मशीन होतं.

"काढून टाकतो की मशीन," मास्तर म्हणाले.

"आणि घरभाडं? मी घरी बसले की माझ्या जागी दुसरी येणार. ह्यांच्या एकट्याच्या पगारात भागतं का?" तिने टेपचं टोक सोडून दिलं. "मला नकोय का हो मूल? रोज वाटतं. आणि रोज तुम्ही विचारता, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं होतं."

टेप तशीच मास्तरांच्या हातात लोंबत राहिली.

संध्याकाळी त्यांच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. सुनेने उचलला. "काय गं, गोड बातमी कधी देणार?" पलीकडचा खणखणीत आवाज खोलीभर ऐकू गेला. मास्तरांनी तिच्या हातून फोन घेतला.

"ताई, तिला पुन्हा विचारू नकोस," ते म्हणाले. "पाळण्याच्या जागेवर मी बसलोय."