लूच्या बादलीतल्या कळ्या

लू टिबोडो चोर आहे, हे मी तिसऱ्या आठवड्यातच ठरवून टाकलं होतं. सरळ सांगते, कारण नंतर जे झालं ते त्यातूनच झालं.

अमेरिकेत मेन राज्याच्या किनाऱ्यावर एक जुनी हवेली आहे, विल्यर्ड हाऊस. तिची बाग १९१२च्या नकाशाबरहुकूम जशीच्या तशी ठेवायची, असा तिथला नियम. मी कॉलेजच्या सुट्टीत तिथे बागकामाची इंटर्न होते. माझं काम काय, तर प्रत्येक झाडापाशी खोचलेली पत्र्याची पाटी नकाशाशी जुळते का बघायचं आणि वेबसाइटवर टाकायचं. आणि लू? चौतीस वर्षं तिथली माळीण. पासष्टीची, बुटकी, पुरुषी टोपी, तोंडात कायम कसलीतरी काडी. त्या उन्हाळ्यात तिने मला नावाने कधी हाक मारली नाही. पहिल्याच दिवशी म्हणाली,

"ए कॉलेज, मागच्या वर्षीच्या पोराने दगडी कुंपणावरचं शेवाळ ब्लीचने घासून काढलं. शंभर वर्षांचं शेवाळ. तुला घासायची हौस नाही ना?"

"नाही गं."

"मग तुला कशाची आहे, ते बघावं लागेल."

म्हणजे ती पहिल्या दिवसापासून माझ्यावर संशय घेत होती. मग मीही घेतला.

रोज दुपारी ती गोणपाटाने झाकलेली बादली घेऊन आपल्या ट्रककडे जायची. एकदा विचारलं, "काय आहे त्यात?" तर म्हणाली, "तुझी पगारवाढ." आणि दार आपटलं.

मी मागावर राहिले. खतखड्ड्यामागे एक झुडूप होतं पिओनीचं, बोटांसारखी कातरलेली पानं आणि आपल्या वाटीएवढी फुलं येतात तेच. पाटी 'साधी गुलाबी'. लू तिथे उकिडवी बसून त्याच्या कळ्या खुडत होती. न उमललेल्या! सगळ्या! एकच पानाखाली राहून गेली. ती मी खिशात घातली, खोलीवर ग्लासात ठेवली. सकाळी उमलली, तर पांढरीशुभ्र, आत मधोमध रक्ताच्या थेंबासारखा लाल ठिपका.

मी धावत जाऊन नकाशा काढला. सतरा नंबरला नेमकं हेच लिहिलेलं. विल्यर्डबाईंनी स्वतः तयार केलेली जात, जगात दुसरीकडे कुठेच नाही. आणि हवेलीसमोर सतरा नंबरच्या पाटीखाली काय उभं होतं? बाजारात मिळतं तसलं लाल.

झालं. लूने खरी हलवलीय, लपवलीय, पानगळीत गड्डा उकरून विकणार. तिला विचारायचं सुचलंसुद्धा नाही. शुक्रवारी मी पाट्या नीट केल्या, वेबसाइटवर फोटो टाकला, जागेसकट. 'विल्यर्डबाईंची हरवलेली पांढरी सापडली!' मॅनेजर एलरीला दोन मिनिटांत मेल ठोकला: लूवर लक्ष ठेवा. त्याचं उत्तर आलं, शाब्बास. मी दिवसभर हवेत.

रविवारी बाग लोकांना खुली असते.

सोमवारी खतखड्ड्यामागे गुडघाभर खड्डा होता. झाड नाही. लू काठावर उभी, टोपी हातात. एलरी धावत आला आणि मी सगळ्यांदेखत ओरडले, "कुठे नेलंस ते?"

लूने टोपी डोक्यावर घातली. मग म्हणाली, "एलरी, माझा ट्रक उघड. हिचं समाधान होऊ दे."

ट्रकमध्ये बादली. बादलीत फक्त कोमेजलेल्या कळ्या.

"शहाण्णव साली दोन होत्या पांढऱ्या," लू म्हणाली. एलरीला, मला नाही. "एक उपटून नेली. तेव्हाच्या मुख्य माळ्याने मला सांगितलं, लू, चोर पाटी वाचतो, झाड नाही. म्हणून पाटी खोटी लावायची आणि फूल दिसू द्यायचं नाही. तुझ्या आधीच्या तीन मॅनेजरांना पत्ता नव्हता. कळ्या घरी नेते, पाण्यात ठेवते. माझ्या स्वयंपाकघरात फुलतात. तेवढंच बघणं."

"मला का नाही सांगितलंस?" एलरी म्हणाला.

"तू पाट्या लावायला माणसं आणतोस बाबा."

मला रडू फुटलं, मोठ्याने, वेड्यासारखं. "लू, मला वाटलं…"

"रडून माती भिजत नाही. चाळणी आण."

दोघी खड्ड्यात बसलो. ती मातीची ढेकळं बोटांनी फोडत होती, मी चाळत होते. चोराने घाईत ओढलं होतं, मुळं तुटलेली. दुपारपर्यंत काहीच मिळालं नाही. मग तिने हात वर केला. मुळाचा करंगळीएवढा तुकडा आणि त्यावर कोंब फुटायचा एक गुलाबी डोळा.

"जगेल?"

"डोळा दोन बोटांपेक्षा खोल गेला तर जगेल, पण फुलणार नाही. नीट लावला तर चार वर्षांनी फूल. जा, कुंडी आण."

मी धावत कुंडी आणली. परत येते तर तिचे हात रिकामे.

"कुठे लावलंस?"

"तुझ्या कामाचं नाही, कॉलेज."

वेबसाइटवरचं पान मी त्याच दिवशी काढलं. उरलेला सगळा उन्हाळा ती मला फक्त तण काढायला देत होती, आणि मी निघाले त्या दिवशी चेष्टेने का होईना, तिने माझी पिशवी तपासली. चेष्टेनेच असावं. मी विचारलं नाही.

पुढच्या मे महिन्यात मी तिकीट काढून बाग बघायला गेले. आता प्रत्येक पाटीवर माझा संशय. समोरच्या वाफ्यात काही नाही, कुंपणापाशी काही नाही. भाजीच्या वाफ्यात रुबार्बची ओळ होती, मुरंब्याला घेतात त्या आंबट लाल देठांची. पाट्यांवर रुबार्ब, रुबार्ब, रुबार्ब. पाचव्या पाटीपाशी वीतभर लाल कोंब होता, पण पान रुबार्बसारखं अखंड नव्हतं. कातरलेलं होतं, बोटांसारखं.

मान वर केली तर लू वाफ्याच्या टोकाला, कुदळीवर रेललेली, माझ्या तोंडाकडे बघत. माझ्या हातातल्या फोनकडेही.

मी फोन खिशात टाकला.

"रुबार्ब छान आलंय या वर्षी," मी म्हणाले.

लूने काडी या गालातून त्या गालात सरकवली.

"आलंय खरं," ती म्हणाली. "पण मुरंबा घालायला अजून तीन वर्षं आहेत, डॅफ्नी."