टर्कीची तंगडी

कॅनडातल्या यॉर्कटनच्या हायस्कूलमध्ये मी पीटी शिकवते. आहार आणि व्यायाम हा धडा मी इतक्या ठसक्यात शिकवते, की मुलं सुट्टीत माझी नक्कल करतात, "डॅनिका मॅडम म्हणतात, पेट्रोल नाही तर गाडी चालणार कशी?" माझ्या लेकीचा, ल्यूबाचा जन्म झाला आणि बिनपेट्रोलची गाडी चालवून दाखवायचं मीच मनावर घेतलं.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मी पुन्हा वजनं उचलायला लागले. हिवाळ्यात स्पर्धा होती आणि मला जुन्याच वजनगटात उतरायचं होतं. कारण विचाराल, तर त्या मापाचा माझा निळा पोशाख कपाटात नुसता पडून होता. याहून भारदस्त कारण मला आजतागायत सापडलेलं नाही.

मग सकाळी एक अंडं, दुपारी हिरवा पाला, रात्री दुसऱ्या जातीचा पाला. ल्यूबा दिवसभर अंगावर पीत होती, तिला पथ्य नव्हतं.

माझा नवरा ओरेस्ट ट्रॅक्टर दुरुस्त करतो आणि फार बोलत नाही. एकदा माझ्या ताटाकडे बघून म्हणाला, "अगं, शेजारचा ससासुद्धा याच्यापेक्षा जास्त खातो."

"त्या सशाला डेडलिफ्ट मारायची नाहीये."

"तेच म्हणतोय मी."

मला चक्कर यायला लागली. गाडीच्या किल्ल्या फ्रिजमध्ये सापडल्या. ल्यूबा पिता पिता तोंड बाजूला करून रडायची, कारण दूध कमी पडत होतं. पूर्वी जे वजन मी नुसतं अंग मोकळं करायला उचलायचे, ते आता जमिनीवरून हलेना. मी नवे बूट घेतले, पकड बदलली, जिममधल्या वजनांच्या बारला शिव्या घातल्या. ताटाकडे मात्र संशयाने पाहिलं नाही.

ऑक्टोबरात चर्चच्या हॉलमध्ये टर्कीचं गावजेवण असतं. सासूबाईंनी, स्टेफानियांनी, मला मागच्या कोठीत टर्की कापायला बसवलं. भाजलेल्या टर्कीचा वास, हातात सुरी आणि मी एकटी. पुढचं नीट आठवत नाही. भानावर आले तेव्हा एक अख्खी तंगडी मी साफ केली होती आणि दारात मेव्हिस उभी होती. मेव्हिस म्हणजे ल्यूबाचं वजन तपासणारी आमची नर्स.

"डॅनिका, काय चाललंय?"

"चव बघत होते," मी घास गिळत म्हणाले.

"हाडापर्यंत?"

तिने दार लोटलं आणि माझ्यासमोर ताट भरून ठेवलं: कुस्करलेले बटाटे, त्यावर टर्कीचा रस्सा, कोबीच्या पानात गुंडाळलेला भात, वर आंबट साय घातलेले पेरोगी, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्या. मी खाता खाता रडत होते. रस्सा खारट झाला.

"दिवसभरात काय खातेस?" तिने विचारलं. मी सांगितलं.

"एवढ्यात तुझं एकटीचंच भागत नाही, पोरीचं दूध कुठून येणार? दुधासाठी शरीराला रोज निदान एका छोट्या जेवणाइतकं जादा लागतं. वजनं उचलायचं वेगळं."

"मग नेमकं खायचं तरी किती?" हा प्रश्न पीटीची शिक्षिका विचारत होती.

"भूक भागेपर्यंत. पाजताना हाताशी काहीतरी ठेव. व्यायामाच्या आधी थोडं, नंतर नीट जेव. वजन उतरायचं तर सावकाश उतरू दे. मंगळवारी ल्यूबाला घेऊन ये, तिचं वजन बघू. आणि चक्कर थांबली नाही, तर डॉक्टरांना गाठ."

"आणि माझा वजनगट?"

"वरच्या गटात उतर की! कपडे दुकानात मिळतात, बाई."

बाहेरून सासूबाई ओरडल्या, "अगं, या टर्कीला एकच तंगडी कशी?"

"लंगडी होती, स्टेफानिया!" मेव्हिस म्हणाली.

त्यानंतर मी खाल्लं. ओटची लापशी, वर शेंगदाण्याचं लोणी, दोन वेळा भरपेट जेवण, मध्ये ओरेस्टने करून दिलेली सँडविचेस. ल्यूबाचा काटा आधी हलला, मग माझा. मग जिममधला बारही हलायला लागला.

स्पर्धेला मी वरच्या गटात उतरले. दुसऱ्या उचलीला प्रेक्षकांत कुठलं तरी दुसरंच बाळ रडलं, मला पान्हा फुटला आणि नवाकोरा पोशाख पुढून भिजला. पंच बिचारा छताकडे बघत राहिला. बार मात्र मी वर नेला. गटात आम्ही दोघीच होतो, त्यामुळे माझा दुसरा क्रमांक आला आणि रुपेरी पदक मिळालं. शाळेत मी फक्त पदक दाखवलं. गटात किती जणी होत्या, हे अजून कुणी विचारलेलं नाही.