दोन खड्यांची अंगठी

आमच्या गावच्या शाळेत एकच भिंग होतं. गुरुजी त्यानं उन्हात विडी पेटवायचे. विज्ञान मी तेवढंच शिकलो, तरी खुर्सीपारच्या देवाजी मेश्रामांना त्यांच्या म्हातारपणी माझीच गरज पडली.

देवाजींनी चौतीस वर्षं मलेरियाच्या काचा तपासल्या. बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, काचेवर पसरायचा, रंगवायचा आणि मायक्रोस्कोपखाली शंभर जागा बघायच्या. नव्व्याण्णव बघून कोणाला बरं म्हणायचं नाही. पुढे पंधरा मिनिटांत सांगणारी किट आली आणि लोकांनी त्यांच्या दाराशी यायचं सोडलं. पत्नी शेवंता गेली, मुलगा सुजय पुण्याला. घरात उरला एक जुना मायक्रोस्कोप, आठवड्यातून एकदा पुसलेला.

गेल्या पावसाळ्यात ते बस्तरला एका वारलेल्या जुन्या सोबत्याच्या पुण्यानुमोदनाला गेले. परतले, आणि बाराव्या दिवशी हुडहुडी भरली. मोहल्ल्यातली आरोग्याचं काम बघणारी मितानीन तारा आली. तिच्या किटवर दोन रेघा उमटल्या, म्हणजे मलेरिया. तिनं तीन दिवसांच्या गोळ्या पुढे केल्या. देवाजींनी हात मागे घेतला. स्वतः जंतू पाहिल्याशिवाय त्यांनी कधी कोणाला गोळी दिली नव्हती, मग स्वतःला कशी देणार? तारानं मला बोलावलं. मी शेजारी, रिटायर, रिकामा.

त्यांनी आपलीच काच रंगवली. तासभर डोळा लावून बसले. मग हळूच म्हणाले, "काहीच नाही दिसून राहिलं, भाऊ."

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. आम्हाला दोघांनाही ते माहीत होतं. अंग मात्र तव्यासारखं तापलेलं.

"सरका," मी म्हटलं. एक डोळा मिटून दुसरा लावला. आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग देवाजींनी स्क्रू फिरवला आणि आत एकदम मोत्यांचं पीठ सांडल्यासारखं दिसलं.

"अंगठ्या आहेत," मी म्हटलं. "बारीक, निळ्या. लाल खडा आहे."

"खडे किती?"

"एकीला एक. पण ही दुसरी... हिला दोन आहेत."

देवाजी खुर्चीत मागे टेकले. "जंतूच. दोन खडे म्हणजे फाल्सिपेरम, जीवघेणा मलेरिया. आण तारा, गोळी दे." पाणी पितानाच त्यांनी मला ऐकवलं, "चौथी पास माणसाले दोन खडे दिसले, अन् मले नाही."

गोळ्या पुऱ्या झाल्या, ताप उतरला. आठव्या दिवशी त्यांनी निरोप धाडला. किटवर रेघ बरे झाल्यावरही काही आठवडे उमटत राहते, म्हणून जंतू गेले का हे काचच सांगणार. आणि काच सांगायची तर शंभर जागा.

दुपारी बसलो. ते स्क्रू फिरवत होते, मी मोजत होतो. चहा निवून त्यावर साय धरली होती. मध्येच त्यांनी विचारलं, "शेवंताच्या काचा मीच पाहत होतो, सांगितलं का तुले?" तीनदा सांगितलं होतं. नाही म्हटलं.

अंगठी एकही नव्हती. ते कधीचे बरे झाले होते.

"किती झाल्या?"

शंभर केव्हाच झाल्या होत्या.

"सत्तर," मी म्हटलं, आणि डोळा तसाच लावून ठेवला.