पॅसेंजरवाली आत्या

जलद गाडीचं नाव काढलं की टाकव्याची आमची मानलेली आत्या हसायची. "जादा पैसं द्यायचं आन् गाडीत कमी बसायचं? ह्यो कुटला शानपना?" मिरजेला दिलेल्या धाकट्या बहिणीकडे, शांताकडे, ती वर्षातून दोनदा जायची, कान्ह्याहून लोकलने पुणे आणि पुढे पॅसेंजर. बरोबर इंद्रायणी तांदळाची जड पिशवी.

डब्यात ती माणसं जोडायची. एकदा मी सोबत होतो. जेजुरी येईतो तिने समोरच्या बाईच्या लेकीला स्थळ सुचवलं होतं, आणि वाठारला उतरताना ती बाई आत्याचा हात सोडत नव्हती. "त्या जलदच्या थंड डब्यात कोन बोलतंय का कुनाशी?" आत्या मला म्हणाली.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी तिचा फोन आला. शांता दवाखान्यात होती, डॉक्टरांनी आशा सोडली होती. "ती दुपारची जलद गाडी हाय ना, तिचं तिकीट काढ. आज तिच्यानंच जाते."

मी लोणावळ्यात, ऑफिसला निघायच्या घाईत. मोबाइलवर पाहिलं. जागा होत्या. आत्याकडून पैसे घ्यायचे नव्हते, आणि तिकिटाचा आकडा बघून माझा हात आखडला. दोन-तीन तासांनी असं काय बिघडणार आहे, असं वाटलं.

"भरलीय गं आत्या," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ दे मग. माजी पॅसेंजर हायच."

दुपारी तिचा पुन्हा फोन. "लोनंदला गाडी हुबी केलीय रे. मागची जलद म्होरं काढायची म्हंत्यात." मग मोठा खडखडाट ऐकू आला. "गेली बघ. कशी सुळकन गेली!"

जलद गाडी मिरजेला लागून तासभर झाला असेल, तेव्हा शांता गेली. आत्या अजून कऱ्हाडच्या आसपासच होती. शांताच्या मुलाने मला कळवलं. शेवटपर्यंत आई 'आक्का आली का?' विचारत होती, म्हणाला. आत्याला फोनवर सांगायचं धैर्य मला झालं नाही. तिला ते दवाखान्याच्या दारात कळलं.

तेराव्यानंतर शांताच्या मुलाने तिला जलद गाडीत बसवून दिलं. मी पुण्याला आणायला गेलो. पदर घट्ट लपेटून ती उतरली.

"निम्मी रिकामी व्हती रे," ती म्हणाली. "त्या दिशी कशी काय भरली आसंल?"

"असते एखाद्या दिवशी गर्दी."

तिने माझ्याकडे पाहिलं. "व्हय. आसंल."

गेल्या वर्षी ती गेली. खरं सांगायचं राहूनच गेलं. मधल्या काळात ती माझ्या घरी येत होती, मुलांचे लाड करत होती. कधी टोचून बोलली नाही. पण एकदा लोणावळा स्टेशनात आरक्षणाच्या खिडकीपुढे ती मला रांगेत उभी दिसली, जलद गाडीचा फॉर्म कुणाकडून तरी भरून घेतलेला.

"आत्या, मला सांगायचंस ना. मी काढलं असतं."

"तुला कशाला तरास," ती शांतपणे म्हणाली. रांग पुढे सरकली, तशी तीही सरकली.